उच्च प्राथमिक शिक्षणक्रम, वऱ्हाडातील

उच्च प्राथमिक शिक्षणक्रम, वऱ्हाडातील : प्राथमिक शिक्षणाच्या उत्तरार्धात, साधारणतः वयाच्या अकराव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण या विषयांतून मुलांना जे क्रमाने शिकविले जाते, त्यास उच्च प्राथमिक शिक्षणक्रम म्हणतात. महाराष्ट्रात दीर्घकाळ पाचवी ते सातवी या इयत्ता या टप्प्यात मोडत असत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये (अंमल १ एप्रिल २०१०) तो सहावी ते आठवी असा ठरला. इयत्तांची ही सीमारेषा केवळ कारभाराच्या सोयीची बाब नव्हे. या टप्प्यावर शिक्षण संपते असे मानावयाचे, की येथून ते पुढे जाते असे मानावयाचे, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आणि त्याप्रमाणे प्रत्येक विषयातील आशयही बदलला. तो बदल विदर्भात, विशेषतः वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यात, स्पष्ट दिसून येतो.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे तालुक्याचे ठिकाण या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परिसर कापसाचा. भोवतालच्या खेड्यांत मराठी (वऱ्हाडी) बोलणाऱ्या कुणब्यांबरोबर गोंड, कोलाम व बंजारा समाजांची वस्ती आहे, म्हणजे गोंडी, कोलामी व गोरमाटी या भाषा घरात बोलणारी मुले याच भागातील शाळांत येतात. पैनगंगा ओलांडली की तेलुगू भाषेचा मुलूख लागतो. येथील शाळांचा इतिहास एकाच शासनाखाली घडलेला नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. पुढे तो ‘हैदराबाद संस्थानाचे सुपूर्द जिल्हे’ या नावाने चालला. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांतास जोडण्यात आला आणि १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. प्रत्येक स्थित्यंतराबरोबर सातवीच्या मुलाच्या दप्तरातील पुस्तके बदलली.

पंतोजींची शाळा : शासकीय शाळांपूर्वी वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद नव्हता. मूल धुळाक्षरांपासून सुरुवात करी व आपल्या गतीने मोडी वाचन-लेखन, पाढे आणि हिशेब येथपर्यंत जाई. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ झाले, की बाजारात फसवणूक होणार नाही इतके गणित त्याच्या हाती येई. इतिहास, भूगोल व विज्ञान हे विषय तेथे नव्हते. या शिक्षणाचा लाभ व्यापारी, कुळकर्णी व ब्राह्मण घरांतील मुलांपुरताच बहुधा मर्यादित राही. कोलामांच्या पोडापर्यंत किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत ते पोहोचले नाही, हेही नमूद करणे अवश्य आहे. पंतोजींच्या शाळेची नुसती थोरवी गाणाऱ्यांना या गोष्टीचा विसर पडतो.

विषयांची घडण : आज ‘विषय’ या शब्दाने जी विभागणी आपण गृहीत धरतो, तिची मराठीतील घडण मुंबई इलाख्यात झाली. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची पुस्तके मराठीत आली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते स्थापन होऊन मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली. वाचनपुस्तकातच निसर्गाचे, नीतीचे व इतिहासाचे पाठ एकत्र गुंफलेले असत. वरच्या इयत्तांत मात्र भूगोल, इतिहास व व्याकरण ही पुस्तके वेगळी झाली. वऱ्हाडातील मराठी शाळा प्रारंभी याच पुस्तकांवर अवलंबून होत्या. गावात ज्याला डवरा म्हणतात त्याला पुस्तकात कोळपे म्हटलेले आणि घरची बंडी पाठात बैलगाडी झालेली, असा अनुभव वऱ्हाडी मुलास तेव्हापासून येत आला आहे. बोली आणि ग्रंथभाषा यांतील हे अंतर पाचवीनंतर वाढते, कारण तेव्हापासून इतर सर्व विषयही ग्रंथभाषेतूनच समजून घ्यावे लागतात.

हंटर आयोग व ‘शेवटचा वर्ग’ : १८८२ च्या हंटर आयोगाच्या चौकशीत वऱ्हाडचाही समावेश होता. प्राथमिक शिक्षण हे सामान्य जनतेला तिच्या जीवनास उपयुक्त अशा विषयांत देशी भाषेतून द्यावयाचे शिक्षण असून, विश्वविद्यालयाकडे नेणारी पायरी म्हणून त्याकडे पाहण्याचे कारण नाही, अशी भूमिका या आयोगाने घेतली. देशी पद्धतीचे गणित, जमाखर्च, मोजणी, तसेच शेती व आरोग्य यांना लागू पडेल असे विज्ञान शिकवावे, असेही त्याचे म्हणणे होते. याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान, शेतीविषयक माहिती, नीती व आरोग्य हे विषय सुचविले होते. वरवर पाहता दोन्ही याद्या सारख्याच दिसतात. फुले यांचा रोख मात्र वेगळा होता. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व ज्यांच्याकडून तो येतो त्यांची मुले शाळेबाहेर राहतात, ही त्यांची तक्रार होती. आयोगाच्या दृष्टीने उपयुक्त शिक्षण हे शेतकऱ्याच्या मुलास त्याच्या जागी नीट उभे करणारे होते, तर फुले यांच्या दृष्टीने त्याला त्या जागेवरून उठविणारे. शेतीचा धडा हा शेतीत ठेवण्यासाठी की शेतकऱ्याला शहाणे करण्यासाठी, हा वाद पुढील शंभर वर्षे वारंवार निघाला आणि अभ्यासक्रमाच्या समित्यांनी तो बहुधा टाळलाच.

वऱ्हाड-मध्य प्रांतात चौथीनंतर वाट दुभंगत असे. एक वाट इंग्रजी शिकविणाऱ्या मिडल स्कूलची. ती हायस्कूल व मॅट्रिककडे जाई. दुसरी मराठी शाळेच्या वरच्या वर्गांची. ती तेथेच संपे. लोकव्यवहारात ‘मराठी सातवी’ म्हणून ओळखली जाणारी ही परीक्षा (मुंबई इलाख्यातील व्हर्नाक्युलर फायनल) उत्तीर्ण झालेला तरुण खेड्यात शिकलेला गणला जाई. त्याला अकोल्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये प्रशिक्षण घेऊन शिक्षक होता येई, किंवा पटवारी, पोस्ट, जंगल खाते यांतील किरकोळ नोकरी धरता येई. हा वर्ग शेवटचा असल्याने त्याचा शिक्षणक्रम स्वयंपूर्ण असणे भाग होते. भाषेत अर्ज, पत्र व दस्तऐवजाचा नमुना, लेखनात बालबोधीबरोबर मोडी, भूगोलात नकाशा आणि गणितात त्रैराशिक, पंचराशिक, सरळव्याज व क्षेत्रफळ असे त्याचे स्वरूप असे. मुलींच्या शाळांत यांतील काही भाग कमी करून शिवणकाम घालण्याची प्रथा होती.

गणिताचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे १२ पै, मणाचे ४० शेर आणि एकराचे ४० गुंठे या कोष्टकांवर सारे व्यवहारी गणित आधारलेले होते. ३ मण १२ शेर कापूस, दर मणास ७ रुपये ८ आणे, तर किंमत किती, हा प्रश्न सोडविताना मुलास मणाचे शेर करावे लागत, अपूर्णांक हाताळावा लागे आणि उत्तर २४ रुपये १२ आणे असे परत आण्यांत आणावे लागे. साडेसातकी व पावकी येणारे मूल हे तोंडी सांगे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी चलनात आली व १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली. त्याबरोबर हे सर्व कौशल्य काही वर्षांतच निरुपयोगी झाले. अभ्यासक्रमातील फार मोठा भार यामुळे हलका झाला आणि त्या जागी बीजगणित, भूमिती व पुढे संच यांना वाव मिळाला. हा बदल एकंदरीत हिताचाच होता. तथापि कापसाच्या गाडीचा हिशेब मुलाने घरी बापाला करून दाखवावा, अशी जी सांगड जुन्या गणितात आपोआप पडत असे, ती तशी पुन्हा पडली नाही.

वर्धा योजना : या शेवटच्या वर्गाला प्रतिष्ठा देण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न यवतमाळच्या शेजारी वर्धा येथे झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षणपरिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने त्यातील तत्त्वांना मान्यता दिली (→ मूलोद्योग शिक्षण). वयाच्या सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत सात वर्षांचे, मातृभाषेतून व एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेले शिक्षण अशी ही योजना होती. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिलेली होती. संगीत, चित्रकला व गणित यांना मिळून ४० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना ३० मिनिटे, व्यायामाला १० व सुटीला १० मिनिटे अशी उरलेल्या वेळेची वाटणी होती. या आकड्यांवरून अनेकांनी असा ग्रह करून घेतला, की योजनेत गणिताला जवळजवळ स्थानच नाही. वस्तुतः समवायाचे तत्त्व असे, की गणित हे सुतातूनच यावयाचे. सुताचा अंक काढणे, टकळीवरील व चरख्यावरील कताईचा वेग मोजणे, कापसापासून सुतापर्यंत होणारी घट शेकडेवारीत मांडणे, हे सारे गणितच होय. कापसाचे झाड हा निसर्गविज्ञानाचा धडा, मँचेस्टरचे कापड हा इतिहासाचा आणि काळी जमीन हा भूगोलाचा. कापूसपट्ट्यातील शाळेला याहून जवळचा उद्योग सुचविता आला नसता.

मध्य प्रांत-वऱ्हाडात याच सुमारास रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नातून खेड्यातील शाळा चालवावी, अशी तिची कल्पना होती. शिक्षकांसाठी वर्धा येथे १९३८ मध्ये प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. योजनेच्या नावावरून मुस्लिम लीगने आक्षेप घेतले. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा पाठिंबाच गेला. सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम मात्र आर्यनायकम् दांपत्याने निष्ठेने चालू ठेवले.

मूलोद्योग शिक्षणाच्या अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात : शिक्षकांची अपुरी तयारी, कच्च्या सुताची विक्री न होणे, साधनांचा अभाव. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शाह यांनी टीका केली होती. या सर्वांहून निर्णायक कारण पालकांच्या व्यवहारी शहाणपणात आहे, असे वाटते. शहरातील मुलगा पाचवीत इंग्रजी शिकून हायस्कूलकडे जात असता आपल्या मुलाने सूत का कातावे, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त होता. योजना सर्वांसाठी होती. ती लागू झाली ती मुख्यतः खेड्यांत. दुभंगलेली वाट तशीच राहिल्याने उत्तम कल्पनादेखील दुय्यम शिक्षणाची खूण ठरली. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणात मूलोद्योगाचे नाव राहिले, पण शाळांत कताईचा तासच तेवढा उरला. समवाय नाहीसा झाला. १९७० च्या दशकात त्याची जागा कार्यानुभवाने घेतली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हा शब्दप्रयोग आणला. या दोन्हींना वेळापत्रकात स्थान मिळाले, पण परीक्षेत वजन मिळाले नाही.

शेवटाकडून दुव्याकडे : वऱ्हाडात माध्यमिक शाळा खेड्यांपर्यंत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावती येथे १९३० च्या दशकारंभी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेस व तिच्या धर्तीवर निघालेल्या इतर संस्थांस द्यावे लागते. हायस्कूल जवळ आल्यावर सातवी हा शेवट राहिला नाही. विदर्भातील प्राथमिक शाळा १९४८ नंतर जनपद सभांकडे व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आल्या. राज्यनिर्मितीच्या वेळी विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र यांच्या इयत्तांच्या रचना निरनिराळ्या होत्या. त्या एका साच्यात आणण्याचे काम १९६० च्या दशकात झाले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांचे सामान्य शिक्षण सर्वांना समान असावे आणि त्यात विज्ञान व गणित अनिवार्य असावे, असे सुचविले. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची (बालभारती) स्थापना झाली. घाटंजीच्या व गिरगावच्या मराठी शाळेतील मुलाच्या हाती तेच पुस्तक पडू लागले. दुभंगलेली वाट एक झाली, हा या काळाचा मोठा लाभ होय व त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. त्याचबरोबर सर्व विषयांतील आशय दहावीच्या दिशेने कलला. दहा वर्षांच्या रचनेतील शालान्त परीक्षा राज्यात १९७५ मध्ये प्रथम झाली. त्यानंतर सातवीत काय शिकवावे हे आठवीत काय लागणार यावरून ठरू लागले.

त्यानंतरच्या पुनर्रचनांपैकी (१९८८, १९९५, २००४, २०१२) प्रत्येकीत भर वेगवेगळ्या गोष्टीवर होता. १९९५ च्या अभ्यासक्रमात किमान अध्ययनक्षमता, तर २०१२ च्या अभ्यासक्रमात मुलाने स्वतः ज्ञानाची रचना करणे, या कल्पना प्रधान होत्या. २०१६ ते २०१८ या काळात सहावी ते आठवीची नवी पुस्तके आली. त्यांत इतिहास सहावीत प्राचीन, सातवीत मध्ययुगीन व आठवीत आधुनिक भारत असा क्रमाने मांडलेला आहे. नागरिकशास्त्र स्थानिक शासनसंस्थांपासून संविधानाकडे व तेथून संसदीय शासनपद्धतीकडे जाते. भूगोल अक्षवृत्ते-रेखावृत्तांपासून सुरू होऊन ऋतुनिर्मिती, शेती, स्थानिक वेळ व प्रमाणवेळ असा विस्तारतो. गणितात नफा-तोटा, बँक व सरळव्याज हे जुने व्यवहारी घटक टिकून आहेत. मराठीच्या पुस्तकाचे नाव आठवीपर्यंत ‘बालभारती’ व नववीपासून ‘कुमारभारती’ असे आहे. नव्या कायद्याने ओढलेली रेषा मुलांना या नावांतून दिसते.

या मांडणीत एक उणीव राहते. तिसरीत मूल आपला जिल्हा शिकते व चौथीत महाराष्ट्र. त्यानंतर जिल्हा अभ्यासक्रमातून जवळजवळ निघून जातो. स्वतःच्या परिसराचा चिकित्सक अभ्यास ज्या वयात शक्य होतो, त्या वयात तो परिसर पुस्तकात नसतो. सविनय कायदेभंगाचा पाठ आठवीत येतो. १९३० मध्ये यवतमाळ जिल्ह्यात लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली झालेला जंगल सत्याग्रह त्याच चळवळीचा भाग होता, आणि ज्या राखीव जंगलातील गवतावरून तो झाला तशा जंगलाच्या कडेनेच या भागातील कित्येक मुले शाळेत येतात. हे सांगणे न सांगणे शिक्षकावर सोपविलेले आहे.

भाषांचा भार : पाचवीपासून हिंदी व इंग्रजी असा क्रम महाराष्ट्रात बराच काळ रूढ होता. २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्रिभाषा सूत्राचा विचार करताना मुलाची घरची भाषा मराठीच असते, असे गृहीत धरले जाते. कोलामी ही द्राविडी कुलातील भाषा असून तिला स्वतःची परंपरागत लिपी नाही. एम. बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णनात्मक व्याकरण प्रसिद्ध केल्याने ती भाषाशास्त्रज्ञांना सुपरिचित झाली; शाळेला ती अपरिचितच राहिली. कोलाम मुलाच्या बाबतीत मराठी ही दुसरी, हिंदी तिसरी व इंग्रजी चौथी भाषा ठरते. १९५६ मध्ये संविधानात घातलेल्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचे राज्यांना सांगितले आहे. पहिली-दुसरीसाठी द्विभाषिक साधनांचे काही प्रयत्न झाले, पण सहावीच्या विज्ञानातील संज्ञा गोंडी वा कोलामी मुलापर्यंत कशा पोहोचवाव्यात, याचा विचार क्वचितच झालेला दिसतो. मूल येथे अडते ते बहुधा विज्ञानात नव्हे, तर मराठी वाक्यात. उत्तरपत्रिकेत मात्र गुण विज्ञानाचे जातात.

शाळेचे दिवस व परीक्षा : उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा राज्यातील इतर शाळांहून उशिरा, जूनच्या उत्तरार्धात किंवा अखेरीस उघडतात. दसऱ्याच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि वरच्या वर्गांतील, विशेषतः मुलींची, उपस्थिती रोडावते. आदिवासी मुलांसाठी निवासी आश्रमशाळांची सोय आहे. घाटंजी परिसरातील अशा शाळांवर पांढरकवडा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची देखरेख असते. अनेक खेड्यांतील जिल्हा परिषद शाळा चौथीपर्यंत, काही सातवीपर्यंत होत्या. २०१० नंतर आठवी हा प्राथमिक शिक्षणाचा भाग ठरला, पण वर्ग, शिक्षक व खोल्या सर्वत्र त्याच्याबरोबर आल्या नाहीत. परिणामी कायद्याच्या दृष्टीने एकच असलेला टप्पा मुलाला दोन गावांत मिळून पूर्ण करावा लागतो. मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, मात्र गाडी शाळेच्या वेळेला धरून असेल तरच त्याचा उपयोग.

चौथी व सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा २०१७ पासून पाचवी व आठवीत घेतल्या जाऊ लागल्या. आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याचे २००९ च्या कायद्यातील तत्त्व २०१९ च्या दुरुस्तीने शिथिल झाले. त्यास अनुसरून महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा ठरविली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षेची संधी द्यावयाची असून, तरीही तो अनुत्तीर्ण राहिल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आहे.